अफवेला जमीन कोण देते?

अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये संचारबंदी लागली आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये. दोन्ही वेळी त्या आदेशाला जोडून आणखी एक आदेश निघाला. तो इंटरनेट बंद ठेवण्याचा. लाठी, अश्रुधूर आणि राखीव दलाच्या तुकड्या या जुन्या साधनांच्या रांगेत हे नवे साधन आता स्थिरावले आहे आणि त्याचे कोणाला फारसे आश्चर्यही वाटत नाही. वऱ्हाडातील सुजाण गृहस्थाने मात्र या दुसऱ्या आदेशाचा अर्थ नीट लावून पाहिला पाहिजे. दगड हाताने भिरकावला जातो. पण हात उचलायला लावणारा मजकूर खिशातल्या यंत्रातून आलेला असतो, याची ही शासनाने दिलेली लेखी कबुलीच आहे. काही दिवसांनी इंटरनेट पुन्हा सुरू होते. दुकानांच्या फुटलेल्या काचा बदलल्या जातात. माणसे तीच असतात, यंत्रे तीच असतात आणि मनेही तीच असतात.

अमरावतीच्या प्रकरणाचे निमित्त तर दूर त्रिपुरात होते. तेथील घटनांविषयी त्या दिवसांत समाजमाध्यमांवर जे फिरत होते त्यात काही खरे होते, काही वाढवलेले होते आणि काही निखालस खोटे होते. काकराबन भागात मशिदीची नासधूस झाल्याचे वृत्त खोटे असल्याचे केंद्रीय गृह मंत्रालयाने १३ नोव्हेंबर २०२१ रोजी जाहीर केले. तोपर्यंत १२ तारखेच्या मोर्चाच्या वेळी अमरावतीतील दुकानांवर दगडफेक होऊन गेली होती आणि १३ तारखेच्या बंदमध्ये पुन्हा तोडफोड झाली. खुलासा पोहोचला तेव्हा शहर पेटलेले होते. पुढच्या वर्षी, जून २०२२ मध्ये, याच शहरात एका औषधविक्रेत्याचा दुकान बंद करून घरी जाताना खून झाला. त्याने समाजमाध्यमावर पुढे पाठवलेला मजकूर हे त्यामागील कारण असल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. अकोल्यात १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. तिचे निमित्तही इन्स्टाग्रामवरील मजकूर हेच होते.

या प्रकरणांतील गुन्हेगारांचा निवाडा न्यायालये करतील. समाजापुढचा प्रश्न निराळा आहे. आज सहावी-सातवीत बसलेला मुलगा आणखी चार-पाच वर्षांनी असाच एखादा मजकूर हातात घेऊन उभा असेल. तो पुढे ढकलावा, पुसून टाकावा की खरा आहे का ते पाहावे, हे त्याने कोठे शिकायचे?

शाळांच्या वेळापत्रकात या प्रश्नाचे दोन तुकडे करून दोन वेगळ्या कप्प्यांत टाकलेले आहेत. समतेचा विषय १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या भाषणांकडे गेला आहे. डिजिटल साक्षरतेचा विषय संगणक कक्षाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी कुलूप लावलेल्या खोलीकडे, गेला आहे. एकीत हार घातले जातात, दुसरीत संकेतशब्द कसा ठेवावा आणि बँकेचा आलेला क्रमांक कोणाला सांगू नये हे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु खोट्या मजकुराला जीव कशामुळे येतो, हे पाहिले म्हणजे कळते की हे दोन विषय मुळात एकच आहेत. खोटे बोलणारा कोठेही असतो. ते खरे वाटावे अशी जमीन मात्र ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून नांगरून ठेवलेली असावी लागते.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जे घडले ते या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा मजकूर त्या काळात देशभर मोबाइलवरून फिरत होता. ज्यांनी तो वाचला त्यांना गावात रोज कितीतरी अनोळखी माणसे दिसत असतील. वीजमंडळाचा कर्मचारी, बियाणे कंपनीचा प्रतिनिधी, कोणाचा पाहुणा. जमावाने त्यांतील कोणाला धरले नाही. धरले ते मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांना ठेचून मारले. मोबाइलवरील मजकुरात डवरी गोसाव्यांचे नाव नव्हते. ते नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी घातले. झोळी घेऊन दारोदार फिरणारा, अंगावर मळके कपडे असलेला, आपल्या गावचा नसलेला माणूस चोरच असणार, हा धडा मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी घराघरांत पाठ झालेला होता. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. महाराष्ट्र त्या दृश्याने हादरला, आणि हादरायलाच हवे होते. तेथेही चोर आल्याची अफवा होती आणि रात्रीच्या अंधारात अनोळखी चेहरा होता. भगव्या वस्त्राने त्या साधूंचे रक्षण केले नाही. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेला जाणाऱ्या गोसाव्यांचे त्यांच्या झोळीने केले नाही. दोन्ही ठिकाणी बळी गेले ते भटकंतीलाच धर्म मानणाऱ्या परंपरेतले लोक होते, ही गोष्ट या समाजाने विसरता कामा नये.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. यंत्राला जे करता येते ते यंत्राने केले. ज्याच्या मनात संशय पक्का आहे त्याला पाचसुद्धा पुरतात.

वऱ्हाडात हा संशय कोणाच्या वाट्याला सर्वाधिक येतो, हे अमरावती, अकोल्याच्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली की आधी कोणाचे दप्तर उलटे केले जाते? पारध्याच्या पोराचे. गावाबाहेरच्या बेड्यावरून आलेले ते पोर नाव सांगते तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी हसते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसे जन्मतःच चोर असू शकतात हे सरकारी दप्तरात लिहून ठेवले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. शिक्का मात्र पोलीस ठाण्यात राहिला, पाटलाच्या ओसरीवर राहिला आणि शाळेच्या वर्गातही राहिला. परकीयांनी लादलेल्या इतक्या गोष्टींवर बहिष्कार घालणाऱ्या समाजाने ही एक गोष्ट इतक्या निष्ठेने का जपावी, याचे उत्तर कोणी देत नाही.

या शिक्क्याला याच मातीतून उत्तर देण्याचे प्रयत्न झाले आहेत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातील तरुणाने जिल्हा परिषदेतील शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ मध्ये पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. सिग्नलवर, रेल्वेत आणि बसस्थानकावर हात पसरणारी मुले तेथे आणून बसवली गेली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या प्रकल्पाची कथा या पृष्ठांच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या कामाशी आयुष्य जोडलेल्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. ही दोन्ही कामे मोठी आहेत. परंतु पारध्याच्या मुलासाठी वेगळी शाळा काढावी लागते याचा अर्थ एवढाच की गावच्या शाळेत त्याला बसता येत नाही. पारध्यांची शाळा चांगली चालली म्हणून गावच्या शाळेची जबाबदारी संपत नाही. उलट गावच्या शाळेतील मूल पारध्याच्या मुलाला एकदाही न भेटता मोठे होते, आणि मग त्याच्याविषयी जे कळते ते मोबाइलवरूनच कळते.

वंशभेद हा शब्द मराठी कानाला परका वाटतो. तो आफ्रिकेतला, अमेरिकेतला, फार तर इंग्लंडमधला रोग, अशी एक सोयीची समजूत आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा येथील घराघरांत संताप उसळला आणि तो रास्त होता. अमरावती-अकोल्यातून अभियांत्रिकी शिकून परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील तेथे शिकणाऱ्या नातवंडाला रंगावरून किंवा डब्यातील भाजीच्या वासावरून कोणी काही बोलल्याचे ऐकले की रात्रभर तळमळतात. पण जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या तरुणाला राजधानी दिल्लीतच केसांवरून आणि चेहऱ्यावरून हिणवले गेले, मारहाण झाली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेजबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती देशातील शाळांमधून शिकवली जावी अशी शिफारस केली. सहा वर्षांनी कोरोनाची साथ आली तेव्हा ईशान्येतील मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना पाठवावी लागली. भारतमातेच्या नकाशापुढे हात जोडणाऱ्या माणसाला त्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातील चेहरे ओळखता येऊ नयेत, हे काही भूषणावह नाही.

आणि ईशान्येपर्यंत तरी कशाला जायचे? अमरावतीहून परतवाड्यामार्गे घाट चढला की मेळघाट लागतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलगा शहरातील वसतिगृहात आला की त्याचा रंग, त्याचे उच्चार, त्याच्या बहिणीचे गोंदण या सर्वांवर विनोद होतात. ‘मेळघाटातला’ हा शब्दच शहरात अडाणीपणाचा पर्याय म्हणून वापरला जातो. कुपोषणाच्या बातम्यांनी त्या प्रदेशाची जी प्रतिमा गेली तीस वर्षे रंगवली, तिच्यात दयेचा अंश असेल, पण ओळखीचा नाही. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. झारखंडमधील मुंडारी आणि संथाळी या तिच्या बहिणी. त्या कुळातील अगदी पश्चिमेकडची ही शाखा सातपुड्याच्या या टोकाला टिकून राहिली, ही भाषाभ्यासकांना थक्क करणारी गोष्ट आहे. त्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. अमरावतीच्या शाळेत शिकणाऱ्या किती मुलांना आपल्याच जिल्ह्यातील या शब्दाचा अर्थ सांगितला गेला आहे?

पहिलीत बसणाऱ्या कोरकू मुलाची अडचण तर याहून मूलभूत आहे. घरात एक भाषा, पुस्तकात दुसरी. शिक्षक प्रश्न विचारतो, मूल गप्प राहते आणि ‘मंद’ हा शेरा त्याच्या नावापुढे लागतो. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय करावी, असे संविधानाच्या ३५०क या अनुच्छेदात १९५६ पासून लिहिलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेला शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत प्राधान्य दिले आहे. मराठीला इंग्रजीपुढे मान खाली घालावी लागते म्हणून खंत करणाऱ्यांनी कोरकूला मराठीपुढे काय करावे लागते, तेही पाहावे.

वर्गातील भेदभाव आरोळी ठोकून येत नाही. तो अत्यंत साध्या, बहुधा निरुपद्रवी वाटणाऱ्या सवयींतून येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा’ असे भर वर्गात सांगणे. आडनाव ऐकून मुलगा कोणत्या वस्तीतला हे बोलून दाखवणे. स्नेहसंमेलनाच्या नाटकात चोराचे काम ठराविक मुलालाच देणे. पाहुण्यांना पाणी देण्यासाठी ठराविक मुलीलाच पाठवणे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, त्याला २००९ पासून आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला. पण मानसिक छळ म्हणजे काय, हे कोणत्या शिक्षकाला उदाहरणांसह सांगितले गेले? बहुतेक शिक्षक मनाने वाईट नसतात. त्यांच्याही शिक्षकांनी त्यांना असेच वागवलेले असते.

आता या वर्गाला एक अदृश्य भिंत फुटली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, राज्यात इतरत्र सारे पूर्वपदावर येत असताना, अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्या काळात वर्ग मोबाइलमध्ये गेला. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुले वर्गातून नाहीशी झाली. हा झाला भेदाचा उघड भाग. दुसरा भाग असा की शाळा सुरू झाल्या तरी तो मोबाइलमधला वर्ग मिटला नाही. मुलांचे गट राहिले आणि त्या गटांत शिक्षक नाहीत, पालक नाहीत. वर्गात जे कुजबुजले जाई ते तेथे चित्र होऊन फिरते. जातीच्या अभिमानाच्या चित्रफिती, दुसऱ्या जातीच्या महापुरुषावर केलेला विनोद, एखाद्या मुलीचा मोडतोड केलेला फोटो, एखाद्याचे दिसणे आणि खाणे यांची टिंगल. पूर्वी शाळा सुटली की चेष्टा सुटत असे. आता ती मुलाबरोबर घरी येते आणि उशाशी झोपते.

अशा वेळी डिजिटल साक्षरता म्हणजे यंत्र चालवणे ही व्याख्या अपुरी पडते. यंत्र मुलांना शिक्षकांपेक्षा चांगले चालवता येते. त्यांना येत नाही ते साक्ष तपासणे. हे शास्त्र फिनलंडकडून आणण्याची गरज नाही. ते मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरात सातशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या तेव्हा ऐकीव गोष्टींचा ढीग रचला नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले होते त्या माणसांकडे ते गेले, त्यांच्याकडून प्रसंग ऐकले आणि नागदेवाचार्यांकडून ते तपासून घेतले. पुढे पोथ्या नष्ट झाल्यावर महानुभावांच्या नंतरच्या पिढ्यांनी ग्रंथ पुन्हा उभा केला, तेव्हा एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला असेल तर दोन्ही पाठ राखले आणि कोणता कोणाचा हेही नोंदवले. लीळाचरित्र असे घडले. कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले होते का, दुसरा कोणी वेगळे सांगतो का: सातवीतल्या मुलाला मोबाइलवरील मजकुराविषयी विचारायला शिकवायचे ते प्रश्न हेच. ज्या पंथाने हे प्रश्न विचारले त्यानेच मराठीला धर्मभाषा केले आणि जातीपातीची उतरंड नाकारली. हा योगायोग नाही. ज्याला सत्याची एवढी चाड असते त्याला जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे पटत नाही. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. शाळेच्या सहली चिखलदऱ्याला जातात त्या वाटेत थोड्या वळवून रिद्धपूरला नेता येतील.

हे प्रश्न आवडत्या मजकुरालाही लावले पाहिजेत, आणि येथे घरातील मोठ्यांची परीक्षा आहे. शत्रूविषयीच्या मजकुराची शहानिशा करायला सांगितली की सगळे माना डोलावतात. पण आपला अभिमान सुखावणारा मजकूर आला की चष्मा काढून ठेवला जातो. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे, युनेस्कोने असे काही ठरवलेले नाही. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा झगमगता भारत म्हणून जे चित्र दर आश्विनात पाठवले जाते ते दिवाळीचे नाही. १९९२ ते २००३ या काळातील शहरी दिव्यांची वाढ वेगवेगळ्या रंगांत दाखवणारे ते संमिश्र चित्र आहे, आणि नासाने २०१२ मध्येच तसा खुलासा केलेला आहे. राष्ट्रगीताची थोरवी युनेस्कोच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही आणि दिवाळीचा प्रकाश अंगणातूनच पुरेसा दिसतो. परंतु सकाळी आजोबांनी पाठवलेले असले चित्र नातवाने शाळेत तपासून खोटे ठरवले, तर त्याच आजोबांनी संध्याकाळी पाठवलेल्या दुसऱ्या समाजाविषयीच्या मजकुरावर त्याने का विश्वास ठेवावा? कार्यकर्त्याच्या मोबाइलवरून गेलेल्या प्रत्येक खोट्या ओळीबरोबर त्याच्या शंभर खऱ्या शब्दांचे वजन कमी होते. समाजात वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन मिळवलेला विश्वास अशा रीतीने उधळून टाकणे कोणालाच परवडणारे नाही.

मुलांसाठी याचा एक नामी धडा मेळघाटातच तयार आहे. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत एका बाजूची जाहिरात एक हरिसाल दाखवत होती आणि दुसऱ्या बाजूची सभेतील चित्रफीत दुसरे. दोन्हींवर राज्यभर चर्चा झाली. दोन्ही चित्रे कोणीतरी निवडून, कापून, हेतूने दाखवलेली होती. अमरावतीच्या एखाद्या शाळेने ही दोन्ही चित्रे नववीच्या वर्गापुढे ठेवावीत, आणि मग हरिसालच्या शाळेतील मुलांना पत्र लिहून विचारावे: तुमच्याकडे प्रत्यक्षात काय आहे, काय नाही, मोबाइलला रेंज कोठे मिळते, दवाखान्यात डॉक्टर कधी असतात? उत्तर कोरकू मुलाच्या हातचे येईल. शहरातील मुलाला त्या दिवशी दोन गोष्टी एकदम कळतील. पडद्यावरचे गाव आणि खरे गाव यांत अंतर असते ही एक. आणि त्या गावातला मुलगा आपल्यासारखाच अक्षर वाईट काढतो ही दुसरी.

प्रत्यक्ष सहवासाला पर्याय नाही, हे अमरावतीने शंभर वर्षांपूर्वी जाणले होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. त्याच सुमारास डॉ. पंजाबराव देशमुखांनी घरोघरची मूठभर धान्याची मदत, म्हणजे मुष्टिफंड, गोळा करून श्रद्धानंद छात्रालय चालवले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीला जेवत आणि एका खोलीत झोपत. वेदवाङ्मयावर ऑक्सफर्डमध्ये प्रबंध लिहून आलेल्या या माणसाने जातिभेदाविरुद्ध पहिला उपाय कोणता शोधला, तर एकत्र राहणे. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यातही सर्व जातिधर्मांची मुले उतरत. त्याच मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आला. वंशश्रेष्ठत्वाचा उन्माद चढलेल्या त्या नगरीत वऱ्हाडातील सावळ्या पोरांनी मल्लखांबावर काय करून दाखवले, हे आजच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. तेथील कोणत्या मोजपट्टीत ती पोरे बसत होती, हेही विचारण्यासारखे आहे.

आज छात्रालये जातवार झाली आहेत. शाळाही माध्यमवार वाटल्या गेल्या आहेत. अकोला, बाळापूर, पातूर, अचलपूर, अमरावती या गावांत मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा कधी कधी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतात. दोन्हीकडची मुले घरी-दारी वऱ्हाडी ढंगाचेच बोलतात, कापसाच्या भावावर दोघांच्याही घरची दिवाळी आणि ईद ठरते. पण पहिलीपासून बारावीपर्यंत ती एकमेकांच्या बाकावर बसत नाहीत. मग एकमेकांविषयीचे सर्व ज्ञान पडद्यावरून येते. २०२१ आणि २०२३ च्या दंगलींचा विचार करताना या भिंतीचा विचार फारसा कोणी केला नाही. माध्यम बदलण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही आणि करूही नये. परंतु तालुका क्रीडा स्पर्धांत शाळाविरुद्ध शाळा असे संघ न उतरवता दोन शाळांचे मिळून मिश्र संघ करणे, विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्प जोडीने करायला लावणे, एवढे तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. निरागस मुलांपुढे जातीचा, वंशाचा, धर्माचा विषय काढून त्यांच्या मनात नसलेले विष कशाला घालायचे? आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण निरागस कोण आहे, हे त्यांनी तपासावे. ज्या मुलाला बोलले गेले आहे त्याला सर्व काही पाचव्या वर्षीच ठाऊक झालेले असते. निरागस राहते ते बोलणारे मूल, आणि त्याची निरागसता दुसऱ्याच्या अपमानावर पोसलेली असते. मौन पाळल्याने अस्पृश्यता गेली असती तर ती कधीच गेली असती. बाळासाहेब देवरसांनी मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत ती समूळ नष्ट झालीच पाहिजे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. ते सांगताना श्रोत्यांना अवघड वाटेल म्हणून विषय टाळला नव्हता. त्याचबरोबर हेही खरे की हा विषय अपराधाच्या भावनेने शिकवला तर उलटतो. एखाद्या मुलाला त्याच्या आडनावाबद्दल वर्गात दोषी ठरवणे हाही भेदभावच आहे. शिक्षकाला येथे तारेवरून चालावे लागते आणि त्यासाठी त्याला शिकवावे लागते.

शिक्षकाची स्थिती काय आहे? त्याची डिजिटल साक्षरता ‘सरल’ आणि यू-डायस प्रणालीत माहिती भरण्यात खर्ची पडते. आधार क्रमांक जुळत नाही म्हणून तो रात्री अकराला संगणकासमोर बसलेला असतो. वरिष्ठांचे आदेश त्याला व्हॉट्सअॅपच्या गटावर येतात आणि त्याच गटावर शिक्षकांचेच खोटे-खरे मजकूर फिरतात. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी सेवांतर्गत प्रशिक्षणातले दोन दिवस या एका विषयाला द्यावेत. पहिल्या दिवशी शिक्षकांनी आपापल्या मोबाइलवरील शेवटचे दहा मजकूर तपासावेत. दुसऱ्या दिवशी मंगरूळ चव्हाळ्याला किंवा धारणीच्या एखाद्या आश्रमशाळेत जाऊन तेथील मुलांबरोबर जेवावे. यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. धारणी आणि चिखलदऱ्यात पहिली-दुसरीच्या वर्गावर कोरकू जाणणारे शिक्षक देण्यासाठी मात्र निधी लागेल आणि पदेही भरावी लागतील. ती मागणी पालकांनी, संस्थाचालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच जिल्हा परिषदेत लावून धरली पाहिजे, कारण जूनच्या अखेरीस वर्ग भरतात तेव्हा कोणाला कोठे पाठवायचे हे आधीच ठरून गेलेले असते.